चुलीवरची बंदूक

रविवार, चौदा मे एकोणीसशे सदुसष्ट. सकाळी साडेनऊ. हजर : थोरले काका (मुंबईहून आलेले, रजा मंगळवारपर्यंत), काकू, धाकटी आत्या, पोलीस ठाण्याचे हवालदार, वाडीतला बाबी (नंतर बोलावलेला) आणि मी. गैरहजर : ज्यांच्या वस्तू होत्या ते दोघे. आजीला जाऊन दहा वर्षं होत आली होती, आजोबांना दीड महिना.

कामं चार होती. सावंतवाडीहून येताना एसटीतच मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली होती. भांड्यांची वाटणी. जमिनीचे कागद काकांच्या ताब्यात देणे. दुनळी बंदूक ठाण्यात जमा करणे. आणि ठासणीची बंदूक रिकामी करून तीही जमा करणे. पहिली तीन कामं जेवणाआधी उरकली. चौथं अडलं, आणि ते का अडलं हे सांगायचं तर आजोबांबद्दल सांगावं लागतं.

वाडीत त्यांना ‘एकबारी’ म्हणत. धामापूरच्या तळ्याच्या अलीकडे आमचं तीन खणांचं घर, मागे डोंगर, पुढे भाताचे मळे. भात तयार झालं की डोंगरातून डुकरं उतरायची आणि एका रात्रीत मळा नांगरल्यासारखा करून जायची. म्हणून वाडी मिळून पारध करायची : पंधरा-वीस माणसं डोंगराच्या वरून हाकारा घालत उतरायची आणि बंदूकवाले खाली ठरलेल्या वाटांवर बसायचे. आजोबांची जागा ओढ्याकाठच्या जांभळीखाली. ती दुसरं कुणी घेत नसे, कारण त्यांचा नेम सहसा चुकत नसे.

पण बार एकच. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी, छर्रे हे सगळं नळीच्या तोंडातून आत घालून लोखंडी गजाने ठासावं लागतं. एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाकीचे शिकारी कमरेला दारूची पुडी बांधून यायचे आणि जागेवरच पुन्हा भरायचे. आजोबा काहीच बरोबर नेत नसत. घरून भरलेली बंदूक घेऊन निघायची, पंच्यावर जुना काळा कोट, नळीच्या तोंडाला नारळाच्या सोडणाचं बूच. बार लागला तर लागला. नाही लागला तर बंदूक खांद्यावर टाकायची, पळून गेलेल्या जनावराच्या दिशेने हात वर करायचा, जसा एसटीतल्या ओळखीच्या माणसाला करतात, आणि पारध चालू असतानाच घरी यायचं.

“एका बारात झाली तर शिकार,” ते म्हणायचे, “नायतर सकाळची चाल.”

लोकांना हे त्यांचं तत्त्व वाटे. दुसऱ्या गावचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम दाखवायला आणत : हे आमचे एकबारी, दुसरा बार टाकणं कमीपणाचं मानतात. आजोबा तेव्हा कोटाची बटणं लावून गंभीर बसत.

माणसंही ते बंदुकीच्याच मापाने मोजत. फार बोलणाऱ्या तलाठ्याबद्दल म्हणत, “ह्यो जास्त ठासलेलो आसा. ह्येच्यापासून चार हात लांब बसाचा.” जावयाबद्दल, म्हणजे आत्याच्या नवऱ्याबद्दल, “बार भिजलेलो.” मी सावंतवाडीला शिक्षिका झाले, दर सुट्टीत वही घेऊन येऊ लागले, चहापूड, घासलेट, काडेपेट्या, कौलं शाकारणे अशा याद्या वाचून दाखवू लागले, तेव्हा ते डोकं हलवून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “तुझी यादी म्हणजे नुसते छर्रे गो. नेम खंय आसा?”

बोलायचे मात्र मोठ्याने. उजव्या कानाने ते पूर्ण बहिरे होते आणि आपण कुजबुजतो आहोत असं त्यांना वाटे तेव्हा शेजारच्या परड्यातल्या कोंबड्या फडफडत.

कानाची गोष्ट मला आजीने सांगितली. लग्नानंतरची पहिली पारध. आजोबांनी बंदूक ठासली, देवापुढे नारळ ठेवायला गेले, आणि परत येऊन ती पुन्हा ठासली. दुप्पट दारूचा बार उडाला तेव्हा जनावर राहिलं बाजूला, आजोबा ओढ्यात पडले. कान कायमचा गेला. त्यानंतर त्यांच्या हाताला ठासण्याची भीती बसली. दारूची डबी ते उघडेनात.

आजीचे वडील सावंतवाडी संस्थानच्या शिकारींत बंदुका भरून द्यायचं काम करत. त्यांना मुलगा नव्हता, म्हातारपणी बोटं बधिर झाली, तेव्हा ही आठ-नऊ वर्षांची पोर त्यांना घरी बंदुका भरून देऊ लागली. ओढ्यात पडलेला नवरा पाहून तिने दुसऱ्या दिवशी बंदूक मागच्या पडवीत नेली आणि भरून दिली. पुढची तीस-पस्तीस वर्षं तीच भरत होती.

तिची पद्धत मी पाहिलेली आहे. दारू तळहातावर ओतायची, बघायची, चिमूटभर परत डबीत टाकायची. त्यावर आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी, चार पदरी घडी करून. मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. गजाला तिने एका जागी लाल सूत बांधलं होतं. ठासता ठासता सूत नळीच्या तोंडाशी आलं की बास. मी एकदा माप विचारलं, लिहून घ्यावं म्हणून. ती म्हणाली, “माप हातात असता, बाय. डबयेत नसता.”

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नव्हती. शिकारीच्या बंदुकीला बाईचा हात लागला तर ती बाटते, बार फुकट जातो, असं तिकडे मानतात. वाटेत बाई आडवी आली तरी पारध परत फिरवणारी माणसं ती. म्हणून पारधीच्या सकाळी मागच्या पडवीचं दार लावून घ्यायचं, आत आजी ठासायची आणि बाहेर आजोबा राखण करत उभे राहायचे.

“किती घातलंस गो?” ते दाराला तोंड लावून विचारायचे.

“हळू बोला. गोठ्यातली म्हस उठली.”

“मी हळूच बोलतंय. मोठ्या जनावराचो घातलंस मा?”

शिकार मिळाली की वाटे पडायचे. घरटी एक, हाकाऱ्यांना एक, कुत्र्यांचा वेगळा, आणि ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याच्या बंदुकीचा एक. बंदुकीचा वाटा आजोबा घरच्या वाट्यात कधी मिसळू देत नसत. वेगळ्या पानात बांधून घ्यायचे, घरी आल्यावर पुढच्या दाराने न येता वळसा घालून मागच्या पडवीत जायचे आणि आजीच्या हातात द्यायचे. तिने त्यातलं आधी वाढून घेतल्याशिवाय जेवायला बसत नसत. लोक म्हणायचे, एकबारी बंदुकीला नैवेद्य दाखवतो.

आजी सत्तावन सालच्या भाद्रपदात गेली. आठवड्याने पारध ठरली होती, म्हणून तिने अंगात कणकण असतानाच बंदूक भरून ठेवली. चौथ्या दिवशी ती नव्हती. पारध रद्द झाली. बंदूक भरलेलीच राहिली.

पुढच्या वर्षी कार्तिकात एक एकटं डुक्कर उतरू लागलं. तीन मळे संपले. वाडीने पारध धरली आणि आजोबांना जांभळीखाली बसवलं. हाकाऱ्यांत बाबी होता, तेव्हा तिशीतला, आमच्या समोरच्या मळ्यापलीकडे राहणारा, आजोबांच्या मागे मागे लहानपणापासून हिंडलेला. डुक्कर ठरल्याप्रमाणे जांभळीकडे आलं. आजोबांपासून दहा पावलांवर थांबलं. वरून उतरणाऱ्यांनी हे पाहिलं, आजोबांनी बंदूक खांद्याला लावलेली पाहिली, आणि सगळे बाराची वाट बघत राहिले.

बार आला नाही. डुक्कर वळलं आणि हाकाऱ्यांत घुसलं. बाबीची मांडी फाडून डोंगरात निघून गेलं.

बाबी दोन महिने खाटेवर होता. पाय वाचला, पण आखूड झाला. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात बसलेल्यांतला एक जण म्हणाला, “एकबारी आता बिनबारी झालो.” कुणी हसलं नाही. आजोबांनी ते ऐकलं नसावं असं मला वाटलं, पण तो माणूस त्यांच्या डाव्या कानाकडे बसला होता.

दिवाळीच्या सुट्टीमुळे मी तिथेच होते. सगळे उठून गेल्यावर विचारलं. ते कोटाचं बटण फिरवत म्हणाले,

“जनावर समोर इला. घोडो वर केललो. पण तो बार तिचो. तो डुकराक देवक माझो हात जाईना.”

“ह्या बाबीक सांगा.”

“काय सांगू? तीस वर्सां बायल ठासता नि मी मिरवतंय म्हणान? माका कायव म्हणानेत. तिचा नाव तेंच्या तोंडात नको. सगळी शिकार बाटली म्हणतले.” मग माझ्याकडे बोट करून, “तूय सांगूचा नाय.”

मी कबूल केलं. दिलेला शब्द पाळायचा हे माझ्या स्वभावात आहे. काम नेमून दिलं की मी ते करते. न बोलणं हेही एक काम होतं.

त्यानंतर पारधीला त्यांना कुणी बोलावलं नाही आणि ते गेले नाहीत. बाबीला पाहायला ते एकदाही गेले नाहीत, आणि काठी टेकत हिंडू लागल्यावर बाबीही आमच्या अंगणात आला नाही. दोन घरांमध्ये एक मळा. नऊ वर्षं.

बंदूक त्यांनी माजघरातल्या खुंटीवरून काढली आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर, उंच वाशाला आडवी टांगली. आमच्याकडच्या हवेत मीठसुद्धा पाणी धरतं, तिथे नळीतली दारू किती दिवस कोरडी राहणार. म्हणून खाली रोज चूल पेटलीच पाहिजे. त्यांना स्वयंपाक एका पेजेपलीकडे येत नव्हता, तीही दोन-दोन दिवसांची एकदम करायचे. चूल मात्र रोज सकाळी पेटायची. तिच्यावर काही नसायचं. ओलसर सोडणं घालायची, भरपूर धूर करायचा, आणि धूर बंदुकीपर्यंत पोचतो की नाही ते मान वर करून बघत बसायचं. भिंती काळ्या झाल्या. त्यांचे डोळे कायम लाल असायचे. घरात शिरलं की ते दिसायच्या आधी खोकला ऐकू यायचा.

“भरलेली बंदूक इस्तवावर टांगतात काय कोण?” मी दर खेपेला विचारायची.

“इस्तवावर नाय, धुरावर. धुराक दारू पेटणा नाय.”

“मगे ह्यो बार उडवतलात कधी?”

“उडवूचो नाय गो. भिजाक देवचो नाय, इतक्याच.”

काकांनी त्यांच्यासाठी मुंबईहून काडतुसांची दुनळी आणली. परवाना केला, बेळगावी चामड्याची पिशवी केली. ठासायला नको, दोन नळ्या, दोन बार. आजोबांनी ती उघडून मिटून पाहिली, छान आहे म्हणाले, आणि दर सोमवारी तिला तेल लावू लागले. काडतुसं हिरवी पडेपर्यंत एकही उडवलं नाही. काका एका मे महिन्यात चिडले तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले, “दुनळी म्हणजे दोनदा चुकूची सोय.”

मी महिन्यातून एकदा जायची. कट्टा गावी एसटीतून उतरून बाजारातून यादीप्रमाणे सामान घ्यायचं, तासभर चालायचं, सामान लावून द्यायचं, परतीची गाडी चारची. ते मला पाणंदीच्या टोकापर्यंत सोडायला येत. एकदा म्हणाले, “आज पाचाची गाडी नाय?” मी म्हटलं, पाचची गाडी नसते. ते म्हणाले, “नसता तर नसता.” पाचची गाडी होती. ती कट्ट्याला बराच वेळ थांबून सावंतवाडीला सव्वाआठला पोचायची, मला सोयीची नव्हती, एवढंच.

यंदाच्या मार्च महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, ते गेले. सकाळी चुलीपाशी बसलेल्या जागी. काडेपेटी हातात होती. बाबीने पाहिलं आणि सावंतवाडीला निरोप धाडला. तो नेमका तिथे कसा पोचला, हे त्या गडबडीत मी विचारलं नाही.

आता चौदा मेकडे येते. हवालदारांनी ओसरीवर उभं राहून कागद वाचला. “सदरहू परवानाधारक मयत झाल्याकारणाने दोन्ही हत्यारे वारसांनी ठाण्यात जमा करावीत.” मग कागदाची घडी करून खाली बसले आणि म्हणाले, “तशी काय घाई नाय. पण भरलेली बंदूक मी घेवचंय नाय हां. आमच्या हत्याराच्या कपाटाक टेकान साहेब बसतत.”

काकांना मार्ग सोपा वाटला. “परड्यात न्यायची, आकाशात उडवायची, की झालं.”

“मगे उडव तूच,” आत्या म्हणाली.

काकांनी बंदूक वाशावरून काढली. धुराने ती कोळशासारखी झाली होती. ते परड्यापर्यंत गेले, फणसाखाली जरा उभे राहिले, आणि परत येऊन बंदूक माझ्याजवळ देत म्हणाले, “माहितगार माणूस बोलवा.” म्हणून बाबीला बोलावलं. न उडवताही बार काढता येतो. गजाच्या टोकाला पेच लावून चिंधी ओढून काढायची, मग छर्रे आणि दारू ओतून घ्यायची. बाबीला ते येत होतं.

तो काठी टेकत आला. नऊ वर्षांनी तो आमच्या अंगणात पाय ठेवत होता, आजोबांचा तो दिवस सोडला तर. बंदूक मांडीवर घेतली, डुकराने फाडलेल्या त्याच मांडीवर, आणि गज हलकेच नळीत सोडला. गज आतल्या बारावर टेकून थांबला. लाल सूत, काळं पडलेलं, बरोबर नळीच्या तोंडाशी होतं.

बाबीने सुतावर बोट ठेवलं. “तिचोच हात.”

“कोणाचो?” मी विचारलं.

“म्हातारीचो. आणि कोणाचो?”

“तुका ठावक होता?”

“अख्ख्या वाडयेक ठावक होता, बाय. तुझो आजो हळू बोलाक लागलो की तळ्यापर्यंत आयकाक येत होता. ‘किती घातलंस गो?’” त्याने आजोबांचा आवाज असा हुबेहूब काढला की आत्या आतून बाहेर आली.

“मगे कधी कोण बोललो कसो नाय?”

“कित्याक बोलतलव? तिचो बार फुकट गेलो नाय कधी. भात वाचत होता, वाटो येत होतो. बोललव असतव तर तेना बंदूकच खाली ठेयल्यान असती.”

हवालदार पान लावत होते, ते थांबले. मी पायाबद्दल विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“तेवा राग इललो. खोटा कित्याक बोला. मागीर तेना बंदूक चुलीर टांगल्यान, कोणाक हात लावक दिल्यान नाय, तेवा कळला. बार तिचो. तो कसो सोडतलो?”

“मगे तू तेंच्याकडे गेलंस कित्याक नाय?”

बाबीने गज बाहेर काढला आणि पंच्याने पुसला. “तेका वाटला आसतला, मी रागावलंय. माका वाटला, तेका माणूस नको. दोघय वाट बघीत रवलव. रोज सकाळी उठान तुमच्या कौलांतसून येणारो धूर बघीत होतंय. धूर दिसलो की माझा काम सुरू. त्या दिसा धूर इलो नाय, म्हणान धावलंय.” मग स्वतःच्या पायाकडे बघून, “धावलंय म्हणजे, इलंय.”

त्याने बंदूक माझ्या हातात दिली. “मी काढूचंय नाय. चिंधी भायर येतली तिच्या लुगड्याची. ती कोणाच्या हातात येवची, ता तू ठरव.”

हवालदारांनी दुनळी नेली आणि ठासणीच्या बंदुकीसाठी मुदत लिहून दिली. काका मंगळवारी गेले. बंदूक मी पुन्हा चुलीवरच्या वाशाला टांगली.

ती मुदत संपली. मी ठाण्यात जाऊन अर्ज दिला, दसऱ्यापर्यंत वाढवून घेतली. दसराही झाला. आणखी एक अर्ज दिला आहे. माझ्या वहीत इतक्या वेळा पुढे ढकललेलं दुसरं काम नाही. पेच मी सावंतवाडीच्या लोहाराकडून करून आणला आहे, तो पिशवीत असतो. काम दहा मिनिटांचं आहे. नऊ वर्षांत मी बाबीशी एक वाक्य बोलले असते, तर तेही दहा मिनिटांचंच होतं. शब्द दिला होता म्हणून बोलले नाही, आणि जे लपवत होते ते सगळ्यांना माहीत होतं.

आता शनिवारी मुक्कामाला जाते, रविवारी संध्याकाळी निघते. कालच्या रविवारची यादी अशी :

झाडलोट : झाली.

सोडणं आत आणणे : आणली.

चूल पेटवणे : पेटवली. धूर पोचला. थोड्या वेळाने मळ्यापलीकडून बाबीने काठी वर केली.

बाबीकडे चहा : घेतला. पाचच्या गाडीने निघाले.

बार काढणे : पुढच्या पानावर नेले.